नगरभवनाची दारे पुन्हा उघडताना

बंद पडलेल्या जुन्या सार्वजनिक इमारतींमध्ये कलाकारांसाठी सामुदायिक स्टुडिओ उभारण्याविषयी गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे बरीच पत्रे आली. नगरभवने, न्यायालये, सार्वजनिक स्नानगृहे, शाळा, मंडया, अग्निशमन केंद्रे अशा वास्तूंमधले कामकाज दुसरीकडे हलते आणि त्या रिकाम्या राहतात. त्या पाडाव्यात असे सहसा कोणी म्हणत नाही, पण त्यांचे पुढे काय करायचे हेही कोणी ठरवत नाही. आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही वीस-बावीस चित्रकार, शिल्पकार आणि मुद्राचित्रकार (पत्रा किंवा लाकूड कोरून त्यावरून चित्रे छापणारे) एकत्र आलो आहोत. शंभराहून अधिक वर्षे जुने आणि गेली बारा वर्षे कुलूपबंद असलेले एक नगरभवन आम्हाला वापरायला देण्याची तयारी मालक संस्थेने दाखवली आहे. आधी काही खोल्या रंगवून, दिवे लावून लोकांना बोलवावे असे आमच्यातील अनेकांना वाटते. सुरुवात नेमकी कोठून करावी?

उत्तर : सुरुवात छपरापासून करावी, आणि ते होईपर्यंत रंगाचा डबा उघडू नये. बंद इमारतीचे सर्वाधिक नुकसान पाणी करते. पन्हळीत पाने साचतात, खाली उतरणाऱ्या नळाचे तोंड बुजते, पाणी भिंतीच्या माथ्यावरून आत झिरपते आणि भिंतीत रुतलेली लाकडी तुळयांची टोके कुजू लागतात. ही टोके डोळ्यांना दिसत नाहीत. छताच्या कडेला उमटलेला तपकिरी डाग एवढीच त्यांची खूण असते. म्हणून पहिला खर्च छप्पर, पन्हळी, नळ आणि जोत्याभोवतीचा निचरा यांवर व्हायला हवा. तो खर्च दिसत नाही, त्याचे छायाचित्र काढून देणगीदारांना दाखवता येत नाही, आणि म्हणूनच तो पुढे ढकलण्याचा मोह प्रत्येक गटाला होतो. आपल्या गटाने तो मोह टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन.

त्याच्या जोडीला इमारतीची मोजणी करून नकाशे तयार करावेत आणि जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. मूळ नकाशे मालक संस्थेच्या दप्तरात असण्याची शक्यता असते. ते मिळाले तर कोणती भिंत भार वाहते आणि कोणती नंतर घातलेली आहे, हे ओळखणे पुष्कळ सोपे जाते. विसाव्या शतकात झालेल्या दुरुस्त्यांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे, नळांवरची वेष्टने आणि शिसेयुक्त रंग वापरलेले असू शकतात. त्यामुळे तपासणीपूर्वी कोणीही हौसेने भिंती खरवडू नयेत किंवा छताच्या फळ्या उपटू नयेत.

भिंतींविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सदिच्छेने केलेली सर्वांत मोठी चूक येथेच होते. अशा वास्तूंच्या भिंती बहुधा विटा किंवा दगड आणि चुना यांच्या असतात. चुन्याच्या सांध्यातून आणि गिलाव्यातून ओल हळूहळू बाहेर पडते आणि भिंत कोरडी राहते. त्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा किंवा हवाबंद रंग चढवला की ओलीची वाट अडते, ती विटेतच कोंडते, क्षार पृष्ठभागाशी जमून लोणा लागतो आणि काही वर्षांत विटेचे पापुद्रे सुटू लागतात. गिलावा मजबूत राहतो आणि त्यामागची वीट भुसभुशीत होते. म्हणून दुरुस्ती चुन्यानेच करावी आणि रंगही भिंतीला श्वास घेऊ देणारा निवडावा. ओल कोठून येते आणि कधी वाढते, हे समजण्यासाठी इमारत सर्व ऋतूंमध्ये पाहिलेली असणे उत्तम.

त्या काळात हात बांधून बसण्याची मात्र गरज नाही. सुरक्षित ठरलेल्या तळमजल्यावरील दोन-चार खोल्या अल्प मुदतीच्या कराराने वापरता येतात. पॅरिसमधील सेंट व्हिन्सेंट द पॉल या बंद रुग्णालयाच्या आवारात पुनर्विकास सुरू होण्यापूर्वी २०१५ ते २०२० या काळात कलाकार, कारागीर आणि सामाजिक संस्था यांनी तात्पुरता वापर केला होता. अशा वापरात माणसांचा वावर राहतो, गळती लवकर लक्षात येते आणि आपल्या गटाला इमारतीची सवय होते.

प्रश्न : कोणत्या कलाकाराला कोणती खोली द्यावी यावरून आमच्यात मतभेद आहेत. काहींच्या मते चिठ्ठ्या टाकाव्यात. आपले मत काय?

उत्तर : चिठ्ठ्या टाकू नयेत. सार्वजनिक इमारतीतील प्रत्येक खोली एका विशिष्ट कामासाठी बांधलेली असते आणि तिचे गुण-दोष त्या कामातून आलेले असतात. ते ओळखले तर निम्मी वाटणी इमारतच करून देते.

पहिला विचार वजनाचा. कार्यालयासाठी बांधलेला मजला साधारणपणे दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो भार गृहीत धरून रचतात, आणि जुन्या लाकडी मजल्यांबाबत तेवढीही खात्री तपासणीशिवाय देता येत नाही. आता अर्धा मीटर लांब, रुंद आणि उंच असा संगमरवराचा ठोकळा घ्या. त्याचे वजन सुमारे ३४० किलो भरते, आणि ते चौरस मीटरच्या पाव भागावर एकवटते. शिल्पकाराकडे असे एकाहून अधिक ठोकळे असतात, मुद्राचित्रकाराच्या प्रेसचे वजनही मोठे असते आणि तिच्या पायांखालच्या छोट्या जागांवर सगळा भार येतो. तेव्हा दगड, धातू, प्रेस आणि भट्टी यांची जागा तळमजल्यावर, शक्यतो थेट जमिनीवर टेकलेल्या फरशीवर. वरचे मजले चित्रकार, चित्रणकार, वस्त्रकलाकार आणि लेखन-संशोधन करणाऱ्यांसाठी ठेवावेत.

दुसरा विचार प्रकाशाचा. उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या खिडकीतून येणारा प्रकाश दिवसभर जवळजवळ सारखा राहतो, कारण त्यात थेट ऊन फारसे नसते. रंगाची पारख करणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. न्यायालयांच्या आणि सभागृहांच्या खिडक्या अनेकदा उंचावर असतात. बाहेर पाहता येत नाही म्हणून अशा खोल्या उदास वाटतात, पण वरून येणारा प्रकाश आणि खाली मोकळी भिंत हा योग मोठ्या आकाराच्या चित्रासाठी फार चांगला असतो. दक्षिण आणि पश्चिम बाजूच्या खोल्यांत माती, लाकूड किंवा विणकाम करणारे बसू शकतात. मात्र सुतारकामाचा भुसा आणि सुकत असलेले तैलरंग एकमेकांशेजारी येऊ नयेत.

तिसरा विचार पाणी, हवा आणि धूर यांचा. स्नानगृहाच्या इमारतीत निचऱ्याची सोय तयार असते, म्हणून मातीकाम तेथे सहज जमते. फक्त मोऱ्यांखाली गाळ अडवणारी टाकी बसवावी, नाही तर काही महिन्यांत नळ चिकणमातीने भरतात. मातीकामाच्या खोलीत कोरडा झाडू चालवू नये, ओल्या फडक्यानेच पुसावे, कारण सुकलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसांना कायमची इजा करते. दगडासारख्या कठीण मातीच्या भांड्यांची (स्टोनवेअर) भट्टी १२०० ते १३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. तिला बहुधा तीन फेजची वीज, स्वतंत्र धुराडे किंवा वायुवीजन आणि सभोवती न जळणाऱ्या भिंती लागतात. आम्लाने पत्रा कोरणाऱ्यांनी शक्य असेल तेथे नायट्रिक आम्लाऐवजी फेरिक क्लोराइड वापरावे; त्यातून तसे विषारी धूर निघत नाहीत, आणि जुन्या इमारतीत मोठ्या क्षमतेचे निष्कासन पंखे बसवण्यासाठी भिंती फोडण्याची वेळही टळू शकते.

उरतात त्या विचित्र खोल्या: तिजोरीची खोली, दस्तऐवजखाना, न्यायालयाखालच्या कोठड्या. जाड भिंती आणि खिडकीचा अभाव यांमुळे त्या कोणालाच नको असतात. छायाचित्रकारांना अंधारखोली म्हणून त्या उपयोगी पडतात, ध्वनिमुद्रणालाही चालतात, पण हवा खेळती ठेवण्याची यांत्रिक सोय केल्याशिवाय तेथे कोणाला दिवसभर बसवू नये.

सर्वांत महागडी साधने सामाईक ठेवावीत, असे माझे ठाम मत आहे. बर्लिनमधील बेथानियन ही १८४७ मध्ये सुरू झालेली आणि १९७० मध्ये बंद पडलेली रुग्णालयाची वास्तू. ती कलाकारांच्या वापरात आल्यावर तेथे कलाकारांच्या संघटनेने सामाईक मुद्रण कार्यशाळा उभारली, आणि ज्यांना स्वतःचा स्टुडिओ मिळाला नाही अशांनाही तेथे काम करता येते. दिल्लीत ललित कला अकादमीच्या गढी येथील स्टुडिओंमध्येही चित्र, शिल्प, मुद्राचित्र आणि मृत्तिकाशिल्प यांसाठी सामाईक कार्यशाळांची पद्धत आहे. वीस खोल्यांत वीस कलाकार बसतील. एका चांगल्या सामाईक प्रेसवर त्याहून कितीतरी अधिक माणसे काम करतील.

प्रश्न : जुन्या लाकडी खिडक्या काढून अ‍ॅल्युमिनियमच्या बसवल्या तर देखभाल कमी होईल ना?

उत्तर : बसवू नयेत. जुन्या खिडकीचे लाकूड बहुधा आज मिळणाऱ्या लाकडापेक्षा सरस असते, आणि कुजलेला खालचा आडवा भाग तेवढाच बदलता येतो. फटी बुजवून, बिजागऱ्या सरळ करून आणि गरज पडल्यास आतल्या बाजूने काचेचा दुसरा पडदा लावून काम भागते.

प्रश्न : आगीच्या भीतीने मालक संस्था परवानगी द्यायला कचरते आहे. ही भीती अनाठायी नाही का? आणि काही कलाकारांना स्टुडिओतच राहायचे आहे, त्याचे काय?

उत्तर : भीती अनाठायी नाही, आणि आपण ती तशी म्हणू नये. मालक संस्थेशी बोलताना आपल्या गटानेच हा विषय आधी काढला तर विश्वास लवकर बसेल.

स्कॉटलंडमधील ग्लासगो स्कूल ऑफ आर्टची वास्तुकार मॅकिंटॉश यांनी रचलेली आणि १९०९ मध्ये पूर्ण झालेली इमारत २०१४ च्या मे महिन्यात पेटली. एका विद्यार्थ्याच्या कलाकृतीसाठी वापरलेल्या फुगणाऱ्या फोमच्या डब्यातून सुटलेला ज्वालाग्राही वायू प्रक्षेपकाच्या तापलेल्या भागाच्या संपर्कात आला, आणि इमारतीतून वर जाणाऱ्या जुन्या वायुवीजनाच्या पोकळ्यांनी आग मजल्यामागून मजल्यावर नेली. पाण्याच्या फवाऱ्याने आग विझवणारी यंत्रणा बसवण्याचे काम तेव्हा चालू होते, पण बांधकामात अ‍ॅस्बेस्टॉस सापडल्याने ते रेंगाळले होते. दुरुस्ती सुरू असतानाच २०१८ च्या जून महिन्यात ती वास्तू पुन्हा जळाली. कलाकाराचे साधे साहित्य, जुन्या बांधकामातील लपलेली पोकळी आणि लांबणीवर पडलेले काम या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होते, ते येथे दिसते.

म्हणून नकाशे करतानाच अशा पोकळ्या शोधाव्यात: बंद केलेली धुराडी, वायुवीजनाचे मार्ग, नळांसाठी सोडलेल्या उभ्या खाचा, खोट्या छतांवरची जागा. प्रत्येक मजल्यावर त्या न जळणाऱ्या साहित्याने तोडाव्यात. लाकडी जिना एकच असेल तर सुटकेचा दुसरा मार्ग तयार होईपर्यंत वरचे मजले वापरू नयेत. येथे तडजोडीला जागा नाही. विजेच्या जुन्या तारांचा भरवसा धरू नये, संपूर्ण जोडणी नव्याने करावी आणि प्रत्येक स्टुडिओला स्वतंत्र खटका द्यावा, म्हणजे शेवटी बाहेर पडणाऱ्याला एका ठिकाणाहून सगळे बंद करता येईल.

रोजच्या सवयींतील सर्वांत धोकादायक वस्तू म्हणजे अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या. हे तेल सुकताना हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावते आणि उष्णता सोडते. चिंधी दोरीवर पसरलेली असेल तर ती उष्णता निघून जाते. कोपऱ्यात ढीग करून टाकली असेल तर आत कोंडते, आणि ठिणगीशिवायच काही तासांनी, बहुधा सगळे घरी गेल्यानंतर, ढीग पेट घेऊ शकतो. झाकणाचा धातूचा डबा आणि त्यात पाणी, एवढीच तजवीज लागते. ती प्रत्येक चित्रकाराच्या कराराचा भाग असावी आणि डबे रोज संध्याकाळी इमारतीबाहेर रिकामे व्हावेत.

राहण्याविषयी: नाही. ज्या इमारतीला निवासाची परवानगी आणि तशी व्यवस्था नाही तेथे एका रात्रीसाठीही झोपू नये. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे २ डिसेंबर २०१६ रोजी ‘घोस्ट शिप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोदामात संगीताचा कार्यक्रम चालू असताना आग लागली आणि ३६ माणसे मृत्युमुखी पडली. तेथे कलाकार परवानगीशिवाय राहत होते, आग विझवणारे फवारे नव्हते आणि वर जाणारा एक जिना लाकडी फळकुटांचा होता. परवडणारी जागा मिळत नाही म्हणून माणसे अशा ठिकाणी राहतात, हे मला माहीत आहे, आणि त्याचे दुःखही आहे. पण ती अडचण सामुदायिक स्टुडिओंच्या इमारतीने अंगावर घेऊ नये.

प्रश्न : नगरभवनातील मुख्य सभागृह दुमजली उंचीचे आहे. त्यात मधला मजला घालून बारा स्टुडिओ निघतात आणि सगळा हिशेब त्यांच्या भाड्यावर बसतो. वारशाचे जाणकार विरोध करत आहेत. आम्ही काय करावे?

उत्तर : या प्रश्नात मी जाणकारांच्या बाजूने आहे, आणि ते केवळ नक्षीकामाच्या प्रेमामुळे नाही. वास्तूजतनाची तत्त्वे सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत वास्तूचा समाजोपयोगी वापर जतनाला पोषकच मानला आहे, पण त्या वापरासाठी तिची मांडणी आणि सजावट बदलू नये, असेही लगेच म्हटले आहे. ऑस्ट्रेलियातील बर्रा सनदेचा रोख आवश्यक तेवढे करावे आणि शक्य तितके कमी बदलावे असा आहे. सभागृह तोडले की नगरभवनात खोल्याच उरतात, आणि खोल्या तर कोणत्याही इमारतीत असतात. शिवाय ज्या एका जागेत शंभर माणसे एकत्र बसू शकतात ती जागा स्टुडिओंना प्रदर्शनासाठी, शिकवण्यासाठी आणि मोठी कलाकृती उभी करून पाहण्यासाठी हवीच असते. ती आज विकली तर पुढे बाहेर भाड्याने घ्यावी लागेल.

लंडनमधील बॅटरसी नगरभवन १८९३ मध्ये बांधले गेले. १९६५ मध्ये तेथील नगर प्रशासन मोठ्या प्रभागात विलीन झाल्यावर त्याचे मूळ काम संपले, आणि १९७४ पासून ते कलाकेंद्र म्हणून वापरात आले. २०१५ च्या मार्चमध्ये त्याचे मोठे सभागृह आगीत गेले. त्या जागेत भाड्याच्या खोल्या घालण्याचा सोपा मार्ग न घेता सभागृहच पुन्हा उभे केले गेले आणि ते २०१८ मध्ये उघडले. जळालेल्या भिंतींचा भाजलेला पृष्ठभाग तसाच ठेवला आहे, आणि पूर्वीच्या चुनेगच्चीच्या छताची आठवण देणारी लाकडी जाळी वर बसवली आहे. जुने काय आणि नवे काय, हे पाहणाऱ्याला कळते. मला हा मार्ग फार प्रामाणिक वाटतो.

हिशेबाची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. भिंतींना न टेकणारे, जमिनीला खिळे न मारता उभे केलेले लाकडी गाळे सभागृहाच्या दोन कडांना ठेवता येतील. ते माणसाच्या उंचीहून थोडेच उंच असावेत आणि एका दिवसात उकलता यावेत. त्यांतून सहा-सात जागा निघतील, बारा नाही. उरलेली तूट सभागृह संध्याकाळी इतर संस्थांना देऊन भरून काढता येईल का, हे पाहावे. आणि तरीही हिशेब जमत नसेल तर बहुधा दुरुस्तीचा सगळाच बोजा भाडेकरू कलाकारांवर टाकला गेला आहे. त्याविषयी पुढच्या उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न : करार किती वर्षांचा असावा? आम्ही इमारत नीट केली की भाडे वाढवून आम्हालाच बाहेर काढतील, अशी भीती वाटते.

उत्तर : अशी उदाहरणे आहेत. लंडनमध्ये ब्रिजेट रायली आणि पीटर सेजली या कलाकारांनी १९६८ मध्ये सेंट कॅथरिन गोदीच्या गोदामांत कलाकारांचे स्टुडिओ सुरू केले. गोदीचा पुनर्विकास आल्यावर काही वर्षांतच त्यांना ती जागा सोडावी लागली. न्यूयॉर्कच्या सोहो भागात १९७१ मध्ये कलाकारांना जुन्या कारखान्यांच्या मजल्यांवर राहण्या-काम करण्याची कायदेशीर मुभा मिळाली, आणि पुढच्या दशकांत त्या भागातील भाडी इतकी वाढली की नव्या कलाकारांना तेथे पाय ठेवणे अवघड झाले.

म्हणून मोठ्या दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी दीर्घ मुदतीचा करार हातात असावा. किती वर्षे, याचे माझे मोजमाप साधे आहे: दुरुस्तीसाठी घेतलेले कर्ज फिटायला जितकी वर्षे लागतील त्याच्या किमान दुप्पट. करार व्यक्तींशी न होता नोंदणीकृत न्यासाशी किंवा सहकारी संस्थेशी व्हावा. छप्पर, पाया आणि बाहेरच्या भिंती ही मालकाची जबाबदारी, आतली देखभाल संस्थेची, हे स्पष्ट लिहावे. भाडेवाढीचे सूत्र आधीच ठरलेले असावे. मालक संस्थेने इमारत विकली तर नव्या मालकावरही करार बंधनकारक राहील असे कलम असावे, आणि या कामासाठी वकिलाची फी वाचवू नये.

एक धोका आतूनही येतो, आणि त्याकडे दुर्लक्ष होते. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड सिटीमधील एकोणिसाव्या शतकातील एक सार्वजनिक शाळा १९६३ मध्ये बंद झाली. १९७६ मध्ये अ‍ॅलाना हाइस यांच्या पुढाकाराने ती पीएस वन या नावाने कलाकारांसाठी उघडली. पहिल्या प्रदर्शनात कलाकारांनी तिच्या वर्गखोल्या, जिने, पोटमाळे यांतच कामे केली. तेथे स्टुडिओही दिले जात. पुढे संस्था मोठी झाली, २००० मध्ये आधुनिक कला संग्रहालयाशी जोडली गेली, प्रदर्शनांना महत्त्व आले आणि स्टुडिओंचा कार्यक्रम थांबला. संस्थेचे यश मी कमी लेखत नाही. मात्र प्रदर्शनाला प्रेक्षक मिळतात, बातम्या येतात आणि देणग्या येतात, तर बंद दारामागे काम करणाऱ्या कलाकाराला यांतले काही मिळत नाही. त्यामुळे खोल्या एकेक करून प्रदर्शनाकडे सरकतात. आपल्या संस्थेच्या घटनेतच ठरवून टाकावे की एकूण क्षेत्रफळाचा अमुक भाग कायम कामाच्या जागेसाठीच राहील.

कलाकारांची निवड करताना समितीत बाहेरची माणसे असावीत आणि प्रत्येक जागेची मुदत ठरलेली असावी. काही जागा दीर्घ मुदतीच्या, काही एक-दोन वर्षांच्या ठेवल्या तर अनुभवी आणि नवोदित दोघांनाही जागा राहते. पहिल्या गटानेच सगळ्या खोल्या कायमच्या अडवून ठेवल्या, तर पुढच्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसेल.

प्रश्न : आमच्या वस्तीत या योजनेला विरोध आहे. लोक म्हणतात, नगरभवन सगळ्यांचे होते, ते मूठभर चित्रकारांना का द्यायचे? त्यांना काय सांगावे?

उत्तर : त्यांचे म्हणणे बरोबर आहे, एवढे प्रथम मान्य करावे. ज्या जागी त्यांनी जन्ममृत्यूची नोंद केली, सभा ऐकल्या, तक्रारी मांडल्या, ती जागा त्यांना पुन्हा दाराबाहेरूनच पाहावी लागणार असेल, तर विरोध होणारच. त्यांना सांगण्यासारखे आपल्याकडे काही असावे, अशी इमारतीची योजना करणे हाच यावरचा उपाय.

व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे नौदलाचा टॉर्पेडो कारखाना होता. दुसरे महायुद्ध संपल्यावर उत्पादन थांबले, जागा सरकारी साठवणीसाठी वापरली गेली, १९६९ मध्ये शहराने ती विकत घेतली आणि १९७४ मध्ये तेथे कलाकारांचे स्टुडिओ उघडले. तेथील मूळ कल्पना अशी की कलाकारांनी लोकांसमोर काम करायचे: पाहुणा स्टुडिओत येऊ शकतो, प्रश्न विचारू शकतो, कलाकृती अर्धवट अवस्थेत पाहू शकतो. सगळ्या कलाकारांना हे मानवत नाही आणि सतत दार उघडे ठेवणे कामाला मारकही ठरते. आठवड्यातील ठरावीक दिवस ठेवले तर दोन्ही साधते.

याच्या उलट अनुभव हाँगकाँगच्या कॅटल डेपोचा. १९०८ मध्ये बांधलेला हा जनावरांना विलग ठेवण्याचा डेपो १९९९ मध्ये बंद झाला आणि २००१ पासून तेथे कलाकारांचे स्टुडिओ आले. लाल विटांची ती बैठी वास्तू फार देखणी आहे. पण दारावर पहारा आणि प्रवेशावर व कार्यक्रमांवर बंधने असल्यामुळे शेजारच्या वस्तीचा तिथला वावर दीर्घकाळ तोकडा राहिला. कलाकार आत होते, काम होत होते, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता.

पॅरिसमधील ‘१०४’ हे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. शहराच्या अंत्यविधी सेवेसाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेली ही प्रचंड वास्तू. तेथून शववाहने निघत. नगर प्रशासनाचा या सेवेवरील एकाधिकार १९९३ मध्ये कायद्याने संपवला गेला आणि काही वर्षांत इमारत बंद झाली. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये ती कलाकेंद्र म्हणून उघडली, तेव्हा आत कलाकारांच्या निवासी कार्यशाळा होत्या, पण माणसे फारशी फिरकली नाहीत आणि संस्था अडचणीत आली. २०१० मध्ये नवे संचालक आले, आणि मधल्या लांबलचक काचछपराखालची जागा कोणालाही विनामूल्य सरावासाठी मोकळी राहू लागली. आज तेथे नर्तक, कसरतपटू आणि नाटकवाले बाजूबाजूला तालीम करताना दिसतात, त्यांच्यामधून मुले धावतात, आणि कलाकारांच्या कार्यशाळाही चालू आहेत.

आपल्या वस्तीतील लोकांना बोलावून विचारावे की त्यांना तेथे काय हवे आहे, आणि जे देता येईल ते करारात लिहावे, तोंडी आश्वासन देऊ नये. महिन्यातून काही संध्याकाळी सभागृह वस्तीच्या सभांसाठी, शाळांतील मुलांसाठी सामाईक कार्यशाळेत राखलेले तास, खाली बसून वाचता येईल अशी एक खोली, आणि ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी उताराचा मार्ग व लिफ्ट. लिफ्टसाठी मुख्य जिन्याचा चौक फोडू नये. मागच्या अंगणात स्वतंत्र मनोरा उभारून प्रत्येक मजल्यावर एकाच खिडकीचे दार केले तर मूळ बांधकामाला कमीत कमी धक्का लागतो.

शेवटी एक लहान सूचना, जी नकाशावर सहज निसटते. नगरभवनाचे मुख्य दार जड, दुपाखी आणि पायऱ्यांच्या वर असते. बारा वर्षे बंद राहिल्याने ते फुगलेले आणि खाली घासणारे असेल. कलाकारांना सामान नेण्यासाठी मागचे दार सोयीचे पडते, मग सगळेच मागून ये-जा करू लागतात आणि पुढचे दार कायमचे बंद राहते. त्याच्या बिजागऱ्या आणि उंबरा पहिल्याच वर्षीच्या कामांत दुरुस्त करून घ्यावा, आणि सकाळी पहिला येणाऱ्याने ते दार उघडावे, असा नियम करावा.